दोन दशांश

पॉलिसी मी पहिल्यांदा वाचली रायबंदरच्या धक्क्यावर.
फेरी पलीकडे, चोडणच्या काठाला,
आणि मांडवीचा वारा माझ्याआधीच पानं उलटतोय.
चव्वेचाळीस पानं. पाच वर्षं पगारातून कापले जाणारे पैसे
कशाचे होते ते आज कळणार होतं.

वेर्ण्याच्या कारखान्यात मी गोळ्यांच्या पट्ट्या मोजते.
कुणाकुणाची छातीतली जळजळ माझ्या हाताखालून जाते,
खोक्यांवर न वाचता येणारे देश.

डॉक्टर मिनेझिस म्हणाले, आठवड्याला एक सुई, पोटाच्या वळीत.
म्हणाले, वजन म्हणजे तुमचा आळस नव्हे.
सत्तेचाळीस वर्षांत हे कुणी पहिल्यांदा बोललं.
मी चिठ्ठीबरोबर तेही घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

फार्मसीतल्या केंकऱ्यांनी किंमत सांगितली,
मग इकडेतिकडे बघून, आवाज उतरवून:
चार सुयांची हां. म्हणजे महिन्याची.
आणि थांबवलं तर बहुतेकांचं परत येतं,
हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच.

सांगितलं होतं.
म्हणजे किंमत विचारायची ती वर्षांची.

क्लेमच्या खिडकीत सावियोने स्क्रीन माझ्याकडे वळवली.
कलम सतरा. वजन घटवण्याची औषधं वगळून.
आतडं कापलं तर पैसे आहेत, आकडा चाळीसच्या वर हवा.
गुडघा झिजला तर नवा गुडघा,
काळीज अडखळलं तर जाळीदार नळी, खोली, जेवणाचा ट्रे.
झिजायच्या आधी आलात तर
तुम्ही लवकर आलात.

आणि डायबिटीस असला तर?
तर बसतं, मॅडम. तुमच्या कंपनीने बाहेरच्या औषधांची जोड घेतलीय.
तीच सुई, तेच पेन, झाकणाचा रंगसुद्धा तोच.
पण साडेसहा हवी.
त्याने माझा रिपोर्ट बोटाने वर सरकवला.
सहा पूर्णांक तीन.
कितें करतलें, तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं,
दोन दशांश कमी पडले.

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात:
उरलेली रक्कम विमाधारकाने स्वतःच्या खिशातून भरावी.
माझ्या कुडत्याला खिसा नाही.
शिंप्याला सांगितलं होतं, तो म्हणाला, नको बाय, कमरेशी फुगेल.
माझा खिसा म्हणजे पाच तारखेची भिशी,
दर्शनची पॉलिटेक्निकची फी,
स्कूटरचे राहिलेले अकरा हप्ते,
आणि उल्हासचं ते एक वाक्य:
चालायला जात जा, चालायला पैसे पडत नाहीत.

पणजीच्या बाजारात दोदोल दिसला.
काळा गूळ, नारळाचा रस, वर तुपाची झिलई,
सुरीला चिकटून लांब ओढला जाणारा.
मी उभी राहिले आणि हिशेब आपोआप झाला:
अर्धा किलो रोज, तीन महिने,
दोन दशांश आरामात.
सुयांपेक्षा कितीतरी स्वस्त.
रोग विकत घ्यायचा, म्हणजे औषध फुकट.
कारखान्यात याला आम्ही काय म्हणू? कच्चा माल.

हसले. बाईने विचारलं, किती देऊ?
मी म्हटलं, पाव.
का म्हटलं ते मलाही माहीत नाही.

फेरी आली. साखळी खडखडली, फळी काठाला टेकली.
गाड्यांचे पैसे घेतले,
पायी चढणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.
मासळीच्या टोपल्या, सायकल, गॅसचा सिलिंडर, मी.
बोट जराशी खाली गेली, सगळ्यांसाठी सारखी,
आणि निघाली.

फ्रिजमध्ये आता खालच्या कप्प्यात बांगडे,
मधल्यात दोदोल, कागदाची गाठ न सोडलेला,
आणि दारात अंड्यांच्या शेजारी
एका महिन्यासाठी मी जागा मोकळी करून ठेवलीय.
भिशी पाच तारखेला.
आज एकोणतीस.